गल्लीचे पावतीपुस्तक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गणेश मंडळ आहे. जुलै संपता संपता मंडळाची पोरे पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात आणि आठ-दहा दिवसांत लाखभर रुपये जमवतात. याच गल्लीत काही वर्षांपूर्वी सांडपाण्याची वाहिनी खचली. गल्ली खासगी आहे, दुरुस्ती तुमची तुम्ही करा, असे पालिकेकडून उत्तर आले. मग तीच पोरे शिक्का तेवढा बदलून पुन्हा फिरली. सतरापैकी पाच घरांनी पावती फाडली. मंडळाचे चिटणीस वैतागून म्हणाले, “देवासाठी देतात हो, गटारासाठी कोण देतो?”

तेव्हा मलाही ते पटले होते. आता पटत नाही. मंडळाला पैसे देताना त्यातून काय होणार हे मला ठाऊक असते. मांडव डोळ्यांसमोर उभा राहतो. विसर्जनानंतर पंधरा दिवसांत ताळेबंद फलकावर लागतो : मांडवाला इतके, ढोलताशाला इतके, शिल्लक इतकी. पैसे खाल्ले तर पुढच्या वर्षी याच दारात उभे राहायचे आहे, याची पोरांनाही जाणीव असते. गटाराच्या वेळी खर्चाचा अंदाज कोणी दाखवला नव्हता, ठेकेदार कोण ते सांगितले नव्हते. आपण टाकलेली वाहिनी पुढच्या चेंबरला जोडून मिळणार का, याचेही उत्तर कोणाकडे नव्हते. पावती न फाडणारी बारा घरे कंजूष नव्हती. त्यांनी व्यवहार तपासला आणि तो त्यांना कच्चा वाटला.

वस्ती सुधारायची तर रहिवाशांनी खिशात हात घालावा, हा आग्रह गेली तीस-चाळीस वर्षे सरकार, जागतिक बँक, स्वयंसेवी संस्था असे सगळेच धरत आले आहेत. त्याला लोकवाटा, लोकसहभाग अशी भारदस्त नावे मिळाली. जिथे तो जमला आणि जिथे फसला, ती उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. लोकांना दानतीची शिकवण देऊन पैसा निघालेला नाही. पैशाच्या बदल्यात त्यांना काहीतरी पक्के मिळाले तिथेच तो निघाला.

ही पद्धत आपल्याला नवी नाही. गोव्यातली गावकारी हे तिचे जुने रूप. गावाची सामाईक जमीन लिलावाने कसायला द्यायची, उत्पन्नातून बांध, देऊळ, पाटपाणी यांचा खर्च भागवायचा, राज्याचा सारा भरायचा आणि उरलेले गावकारांनी जोण म्हणून वाटून घ्यायचे. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल या सनदेत हे रिवाज लिहून काढले, म्हणजे ते त्याआधीपासून चालत होते. खाजण शेतीचा बांध फुटला की खारे पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरायचे, त्यामुळे बांधाच्या खर्चाबद्दल कोणाला समजावत बसावे लागत नसे. अर्थात गावकार म्हणजे अख्खा गाव नव्हे. हक्क ठरावीक घराण्यांचा होता आणि बांधावर राबणारे हात बहुतेक वेळा दुसऱ्यांचे. सामूहिक निधीची जुनी उदाहरणे सांगताना आपण हा भाग सोयीने गाळतो.

अलीकडच्या काळात महाराष्ट्राला या विषयाची सवय लावली ती संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना 2000 साली ते सुरू झाले. सरकारने निधी दिला नाही, बक्षीस लावले. गावांनी बक्षिसाच्या आशेने गटारे बांधली, रस्ते झाडले, भिंती रंगवल्या, आणि घातलेल्या श्रमापैशापुढे बक्षिसाची रक्कम किरकोळ होती. चढाओढ हेही एक इंधन आहे. पण ते लवकर संपते. पुरस्कार घेतलेली अनेक गावे समितीची गाडी वेशीबाहेर गेल्यावर कशी दिसत होती, हे त्या रस्त्यांनी फिरणाऱ्या कोणालाही विचारावे.

या सगळ्या विषयात मला सर्वांत शिकण्यासारखे वाटते ते कराचीतले ओरंगी. अख्तर हमीद खान हे मूळचे आग्र्याचे, आयसीएस अधिकारी. बंगालच्या दुष्काळानंतर त्यांनी नोकरी सोडली, पुढे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कोमिल्लात सहकाराचे मोठे काम केले आणि 1980 मध्ये, वयाच्या पासष्टीच्या पुढे, ओरंगीत येऊन बसले. ओरंगी ही कराचीच्या कडेची लाखो लोकांची अनधिकृत वस्ती. सांडपाणी गल्लीतून उघडे वाहायचे. लोकांना विचारले की ते म्हणत, गटार बांधणे सरकारचे काम आहे, ते फुकट करेल. सरकार काही येत नव्हते.

खान यांनी कामाचे तुकडे पाडले. घरातला संडास, गल्लीतली वाहिनी आणि काही गल्ल्या मिळून लागणारी जोडवाहिनी हा रहिवाशांचा वाटा. मोठा नाला आणि शुद्धीकरण सरकारचे. वरवर साधी वाटणारी ही विभागणी हाच त्या कामाचा कणा. ‘शहराचे ड्रेनेज’ ही कल्पना वीस-तीस घरांच्या गल्लीला पेलत नाही. ‘आपल्या दारापासून कोपऱ्यापर्यंतची नळी’ पेलते, कारण तिची लांबी पावलांनी मोजता येते. गल्लीने आपला एक कारभारी निवडायचा, त्याने पैसे गोळा करायचे. खान यांची संस्था पैशाला हात लावणार नाही. ती फक्त मोजणी करून देणार, नकाशा, अंदाज आणि अवजारे देणार. त्यामुळे ‘संस्थेने पैसे खाल्ले’ असे म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. ठेकेदार गेला, त्याचा नफा गेला, साचे सुटसुटीत झाले आणि संडास धरून घरटी खर्च साधारण हजार रुपयांवर आला. सरकारी दराने त्याच्या कितीतरी पट आला असता. इतक्या पैशात लोकांनी हिशेब केला : डॉक्टरचे बिल जास्त की ही वाहिनी?

एका गल्लीचे झाले की शेजारची गल्ली चौकशीला यायची. पुढे ओरंगीच्या बहुतेक गल्ल्यांनी स्वतःच्या पैशाने वाहिन्या टाकल्या. संस्थेने सगळ्या वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे काढले, तेव्हा सरकारी कागदावर जे नव्हतेच ते लोकांनी आधीच बांधून ठेवलेले दिसले. अशा नकाशांवरून जमिनीची मालकीही उघडी पडते आणि जमिनीवर डोळा असणाऱ्यांना ते रुचत नाही. संस्थेच्या संचालक परवीन रहमान यांची मार्च 2013 मध्ये कराचीत गोळ्या घालून हत्या झाली. वस्ती सुधारणेच्या अहवालांत हे प्रकरण सहसा येत नाही. तिथे फक्त घरटी खर्चाचा आकडा असतो.

अहमदाबादेत वेगळे घडले. महापालिकेने 1995 च्या सुमारास ‘परिवर्तन’ ही झोपडपट्टी सुधार योजना आणली. पाणी, मलवाहिनी, फरसबंदी, दिवे, कचरा अशा सोयींसाठी 2,000 रुपये कुटुंबाने, 2,000 उद्योगाने आणि 2,000 पालिकेने घालायचे, शिवाय देखभालीसाठी घरटी 100 रुपये. पहिला प्रयोग संजयनगरमध्ये झाला आणि तिथे उद्योगाचा वाटा अरविंद मिल्सने उचलला. एकरकमी दोन हजार कोणाकडे असणार? मग ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेची महिला बँक मधे आली. बायकांनी खाती उघडली, थोडे साठवले, थोडे कर्ज घेतले.

मात्र या योजनेतला सर्वांत मोलाचा ऐवज पैशाचा नव्हता. तो एक कागद होता. दहा वर्षे तुमची वस्ती हटवणार नाही, असे महापालिकेने लेखी दिले. मालकी नाही, पट्टा नाही, फक्त दहा वर्षांची हमी. ज्या घरावर उद्या बुलडोझर येऊ शकतो त्या घरापुढच्या फरशीसाठी शहाणा माणूस दोन हजार घालणार नाही. हमी मिळताच तो पैसे काढतो, आणि फरशी झाल्यावर स्वतःच्या खर्चाने पत्रा काढून स्लॅबही घालतो. वर्गणीचे आवाहन करणाऱ्या पत्रकांत ‘स्वच्छता’ आणि ‘कर्तव्य’ हे शब्द वारंवार येतात. लोक मात्र मुक्कामाची शाश्वती विकत घेत होते. उद्योगांचा उत्साह पहिल्या प्रयोगानंतर ओसरला आणि त्यांचाही वाटा महापालिकेवर आला, हे जाता जाता नोंदवायला हवे. कबूल केलेले पैसे कोणी दिले आणि कोणी हात आखडता घेतला, याची यादी केली तर झोपडपट्टी वरच्या ओळीत येते.

तेव्हा चेन्नईला लागून स्वतंत्र असलेल्या आलंदूर नगरपालिकेचे उदाहरण मध्यमवर्गाचे आहे, त्यामुळे आपल्या शहरांना अधिक जवळचे. भूमिगत गटार योजनेसाठी तिथल्या नगराध्यक्षांनी, आर. एस. भारती यांनी, दर घरामागे 5,000 रुपये अनामत मागितली. अट एकच : पैसे आधी, काम नंतर. प्रचारसभा झाल्या, दारोदार फिरणे झाले, निवासी संघांच्या बैठका झाल्या. पैसा स्वतंत्र खात्यात ठेवला गेला आणि काम सुरू होण्यापूर्वीच काही कोटी जमा झाले. महिन्याचे शुल्क किती असेल यावरही आधीच घासाघीस झाली. काम पूर्ण झाले, घरे जोडली गेली. नगराध्यक्षाने स्वतः रस्त्यावर उतरून ‘पैसे द्या’ म्हणणे ही आपल्याकडे राजकीय आत्महत्या मानली जाते. तिथे ती ठरली नाही.

आता मुंबई. जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या मलनिःसारण प्रकल्पात नव्वदच्या दशकात झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रम आला. सार्वजनिक संडास पालिकेने बांधून द्यायचे, पण आधी रहिवाशांनी मंडळ नोंदवायचे, प्रत्येक प्रौढाने 100 रुपये, कुटुंबामागे जास्तीत जास्त 500 भरायचे आणि पुढचा देखभालीचा भार त्या मंडळाने उचलायचा. या पद्धतीने तीनशेहून अधिक संडास उभे राहिले. पूर्वीच्या विनामूल्य संडासांना ना पाणी होते ना राखणदार, आणि वर्षभरात दारे गायब व्हायची. त्या मानाने हे टिकले. कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावर राखणदाराची खोली, तर कुठे बालवाडी किंवा मंडळाचे कार्यालय आले. महिन्याचा पास काढणाऱ्या कुटुंबांनी ते चालवले.

सगळीकडे नाही. काही मंडळे दोन-चार दादांच्या हातात गेली, मासिक पास देणे बंद झाले, दर खेपेला नाणे मोजावे लागू लागले आणि संडास हा चांगला चालणारा धंदा बनला. ज्यांनी मुळात शंभर-शंभर रुपये भरले त्यांची नावे कुठे राहिली? वर्गणी ही मालकीची पावती आहे असे सांगून पैसे घेतले, पण त्या मालकीला कायद्यात जागा नव्हती. हिशेब मागायचा तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न तिथल्या एखाद्या बाईला पडला असेल तर ती चुकीची नव्हती.

याच मुंबईत, याच वर्षांत, नेमकी उलटी योजनाही चालू होती. 1995 पासून झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पात्र कुटुंबाला घर मोफत. विकासकाला जादा चटईक्षेत्र मिळायचे, त्यातून तो बाजारात विकायची घरे बांधायचा आणि त्या नफ्यातून झोपडीधारकांची इमारत उभी करायचा. म्हणजे संडासासाठी शंभर रुपये मागायचे आणि घर फुकट द्यायचे! एकाच गल्लीतल्या माणसाला ही दोन आवाहने आली तर तो काय करेल? उद्या बिल्डर येणार म्हणून आजची वर्गणी थांबवेल. तसेच झाले. कित्येक वस्त्या पुनर्वसनाच्या आशेवर पंधरा-वीस वर्षे ताटकळल्या आणि तोवर गटाराला कोणी हात लावला नाही. पुढे 2000 ते 2011 मधल्या झोपड्यांसाठी अडीच लाख रुपयांत घर देण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, तेव्हा ‘फुकट’ या शब्दाला ठळक मर्यादा आली.

वर्गणी कोणाकडून मागितली जाते, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्यात 2002 च्या स्वजलधारेपासून दहा टक्के लोकवाट्याची अट आली. जलजीवन मिशनमध्येही गावांतर्गत कामांसाठी ती आहे, डोंगरी आणि आदिवासी गावांना पाच टक्के. तर्क असा की पैसे घातले की आपलेपणा येतो. गावोगावी घडते ते वेगळे. ठेकेदारच लोकवाटा भरून टाकतो आणि निविदेतून वसूल करतो. गावाला पत्ता नसतो, आपलेपणाचा तर नाहीच. दुसरीकडे शहरातल्या पॉश वसाहतीच्या डांबरीकरणाला कोणी दहा टक्के मागितल्याचे ऐकिवात नाही. तो रस्ता सगळ्यांच्या करातून होतो. तेव्हा ‘गरिबाला फुकटाची सवय लागली आहे’ हे वाक्य पुढच्या वेळी कानावर पडले की बोलणाऱ्याच्या दारापुढचे पेव्हर ब्लॉक कोणी बसवले ते विचारून पाहावे.

त्यात घरपट्टीचा विचार केला तर चित्र आणखी मजेदार होते. मुंबईत 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांची चाळीस टक्के सवलत 2023 मध्ये परत आली. मतदार खूश. छोट्या घरात राहणाऱ्याला कर नको, या भूमिकेशी माझे भांडण नाही. पण कर सोडून द्यायचा आणि मग लोकसहभागाच्या नावाने वर्गणी काढायची, हे हिशेबाला धरून नाही. कर आकारणीला नियम आहे, अपील आहे, लेखापरीक्षण आहे. वर्गणीला यातले काही नाही. वर्गणी कराची जागा घेऊ लागली की वाटाघाटीची ताकद असलेल्या गल्ल्या चकाचक होतात आणि उरलेल्या तशाच राहतात. घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू होऊन 1997 च्या सुमारास मुंबईभर पसरलेल्या नागरी गटांच्या चळवळीने कचऱ्याचे वर्गीकरण, खत, झाडे अशी सुंदर कामे केली. ती बहुतेक सोसायट्यांच्या भागांतच रुजली, याचे कारण हेच.

पुण्याने दोन गोष्टी करून पाहिल्या. 2006 पासून तिथे नागरिकांनी आपल्या भागातली कामे सुचवायची आणि ती अंदाजपत्रकात यायची, अशी सोय आहे. पैसा पालिकेचा, सूचना लोकांच्या. दरवर्षी त्याच बाकांची, त्याच फलकांची मागणी येते, अशी थट्टा होते आणि ती अगदीच खोटी नाही. तरी अर्ज घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलेल्या माणसाला निदान कळते की आपल्या चौकातल्या दिव्याला किती लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे जून 2017 मध्ये पाणी योजनेसाठी काढलेले 200 कोटींचे रोखे. ते घेतले संस्थात्मक गुंतवणूकदारांनी. ज्याच्या नळाला मीटर बसणार होता त्या पुणेकराला पाच-दहा हजारांचा रोखा घेता आला नाही. आला असता तर मीटरच्या भांडणाला जरा वेगळा रंग चढला असता, अशी माझी आपली शंका.

पुण्यातलेच तिसरे उदाहरण मला जास्त आवडते. कचरावेचक महिलांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून पालिकेशी करार करून घरोघर कचरा उचलते आणि महिन्याचे शुल्क थेट घरातून त्या ताईंच्या हातात जाते. वस्त्यांत दर कमी, सोसायट्यांत जास्त. वीस रुपये वाढवण्यावरून जिन्यात होणारे वाद ऐकण्यासारखे असतात. तरी पैसे निघतात. ताई रोज येते, दोन दिवस आली नाही तर डबा ओसंडतो आणि कोणाला कशाचे पैसे दिले हे नाकाला कळते.

राहता राहिल्या सोसायट्या. मध्यमवर्गाने वस्तीसाठी पैसे घालण्याचे मुख्य ठिकाण तेच, आणि नियमही तिथे सर्वांत स्पष्ट. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के दरसाल सिंकिंग फंडात आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत. लिफ्टचा देखभाल खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यावाल्यालाही. दर सर्वसाधारण सभेत तळमजल्यावरचे काका उठतात आणि “मी लिफ्टचं बटणही दाबलेलं नाही” म्हणतात, आणि दर वर्षी सचिव उपविधीचे पुस्तक उघडतात. बांधकाम खर्च मात्र बहुतेक ठिकाणी इमारत बांधली त्या काळचा धरलेला असतो. 1985 च्या खर्चावर पाव टक्का म्हणजे आज चहाबिस्किटांचे पैसे. चाळीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट होते, खांब उकललेले दिसतात आणि फंडात रंगाच्या बादल्यांपुरते शिल्लक असते.

दक्षिण मुंबईतल्या पागडीच्या इमारतींत तर वर्गणीची वाटच बंद होती. 1947 च्या भाडे कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू दुसऱ्याच्या भिंतीला पैसे का घालेल? 1969 च्या कायद्याने उपकर लावून सरकारने दुरुस्ती मंडळ काढले. ठरलेल्या मर्यादेपलीकडचा खर्च रहिवाशांनी द्यायचा, अशीही तरतूद आहे. बहुतेक इमारती टेकूंवर उभ्या राहून पुनर्विकासाची वाट पाहत राहिल्या.

आणि पुनर्विकासाने आवाहनाची दिशाच फिरवली. रहिवाशाने पैसे द्यायचे नाहीत, बिल्डरनेच त्याला भाडे, जादा क्षेत्रफळ आणि वर कॉर्पस म्हणून ठोक रक्कम द्यायची. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खालच्या 2009 च्या निर्देशांत तीन चतुर्थांश संमती लागत होती, जुलै 2019 पासून 51 टक्के पुरते. खर्च येतो वाढीव चटईक्षेत्रातून, म्हणजे वरच्या मजल्यांवर उद्या राहायला येणाऱ्यांच्या खिशातून. 2019 च्याच सप्टेंबरात स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णय निघाला. सोसायटीने स्वतः विकासक व्हायचे, मुंबई जिल्हा बँकेसारख्या संस्थेकडून कर्ज घ्यायचे, नफा आपल्यात ठेवायचा. सभेत या पर्यायाला टाळ्या पडतात. मग वास्तुविशारदाच्या अहवालासाठी सुरुवातीचे पैसे प्रत्येकाने काढावेत असा विषय येतो, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न येतो : “दुसरा बिल्डर बघितला का?”

पाचशे-सातशे रुपये देखभाल भरणारे कुटुंब नव्या टॉवरमध्ये गेले की तो आकडा पाच-सात हजारांवर जातो. तीन लिफ्ट, पोडियम, अग्निशमन पंप, सुरक्षारक्षक. कॉर्पसचे व्याज काही वर्षे हे भागवते. नंतर निवृत्त माणूस खोली भाड्याने देऊन बदलापूर किंवा विरारकडे निघतो, आणि ज्या कागदावर त्याने संमतीची सही केली होती त्यात या आकड्याचा रकानाच नव्हता.

आमच्या गल्लीतली वाहिनी अखेर गेल्या उन्हाळ्यात झाली. मंडळाच्या चिटणिसांनी या वेळी घरोघर जाण्याआधी कोपऱ्यावरच्या फलकावर तीन ठेकेदारांचे दर लावले आणि वाहिनी पुढच्या चेंबरला जोडून देऊ, असे पालिकेचे लेखी पत्र आणून त्याखाली डकवले. चौदा घरांनी पैसे दिले. उरलेल्या तिघांपैकी एक घर बंद होते, एकाचे भावाभावांत भांडण चालू आहे, आणि तिसऱ्याने सांगितले की त्याचे पाणी उलट्या दिशेने जाते. चिटणिसांनी जाऊन पाहिले. खरेच उलट्या दिशेने जात होते.